वाटाघाटीत वाचलेले पैसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात एक बातमी वाचली. रस्त्याची निविदा अंदाजपत्रकापेक्षा जादा दराने आली, साहेबांनी ठेकेदाराला बोलावून दर खाली आणले आणि शासनाचे काही लाख वाचले, असं त्यात कौतुकाने लिहिलं होतं. मी जळगाव जिल्ह्यात बांधकामाच्या टेबलावर सत्तावीस वर्षं निविदा लिपिक होतो, २०२३ मध्ये निवृत्त झालो. अशा वाटाघाटींची टिपणं मी गठ्ठ्याने लिहिली आहेत, म्हणून हे पत्र.

लिफाफा उघडतो, सर्वांत खालचा दर निघतो १४.८० टक्के जादा. ठेकेदाराला पत्र जातं. ठरल्या दिवशी तो येतो, चहा येतो, साहेब म्हणतात, "फार होतंय हो." तो हात जोडतो. "साहेब, तुम्हले कितलं कमी करानं शे ते सांगा ना." मग बॅगेतून लेटरहेड निघतं. 'शासनहितास्तव मी माझे दर अमुक टक्क्यांपर्यंत कमी करण्यास तयार आहे' हे घरूनच टाइप करून आणलेलं, खाली सही-शिक्का तयार, फक्त 'अमुक'ची जागा कोरी. ती जागा पुष्कळदा मीच पेनाने भरली आहे. आकडा कुठे येऊन थांबायचा? साहेबांचे मंजुरीचे अधिकार ज्या टक्क्याला संपत, त्याच्या पाव टक्का आत. प्रस्ताव वरच्या कार्यालयात जाऊ नये, एवढ्यापुरतीच ती घासाघीस. ८० लाखांच्या कामाला १४.८० चे ९.७५ झाले की टिपणात लिहायचं, ४ लाख ४ हजारांची बचत. पण बोलावणं येणारच हे ज्याला ठाऊक आहे, तो पाच टक्के चढवूनच भरतो. आमच्या घरची मंडळी आठवडे बाजारात निम्म्या भावापासून सुरुवात करतात, आणि दुकानदार त्या हिशेबानेच भाव सांगतो, तसंच हे.

केंद्र सरकारच्या खात्यांना दक्षता आयोगाने ३ मार्च २००७ च्या परिपत्रकात बजावलं आहे की निविदेनंतर वाटाघाटी शक्यतो नकोतच. अपवाद करायचाच तर फक्त सर्वांत कमी दरवाल्याशी, तोही पटण्यासारखी कारणं लेखी नोंदवून. ठेकेदारांनी साटंलोटं केल्याचा संशय हा त्यातला एक अपवाद. आमच्याकडे अपवादाचाच शिरस्ता झाला, आणि कारणाच्या रकान्यात मी वर्षानुवर्षं 'शासनहितास्तव' एवढंच लिहीत आलो.

ही झाली चढवून भरणाऱ्याची गोष्ट. खरा दर भरणाऱ्याचं काय होतं, तेही पाहिलं.

२०२२ च्या उन्हाळ्यात बोरीकाठच्या एका गावाजवळच्या नाल्यावर फरशी पूल होता, अंदाजपत्रक ६२ लाखांचं, आदल्या वर्षीच्या दरसूचीवर, म्हणजे सरकारी दरांच्या यादीवर केलेलं. तीन निविदा आल्या. सर्वांत कमी दर एका तरुण अभियंत्याचा, ११.५० टक्के जादा. पोराने सोबत दर पृथक्करण, म्हणजे दर कसा आला त्याचा हिशेब, जोडलं होतं, जे सहसा कोणी जोडत नाही. सुमारे २० टन लोखंड, टनामागे १५ हजारांची वाढ, म्हणजे तीन लाख. अंदाजपत्रकात वाळूचा लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, १८ किलोमीटर धरला होता, पण त्या वाळूघाटाचा लिलावच झाला नव्हता. वाळू ६० किलोमीटरवरून आणायची. ब्रासमागे दीड हजार जास्त, दीडशे ब्रास, सव्वादोन लाख झाले. मी कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहिलं, बरोबर होतं. चूक दराची नव्हतीच, आमच्या अंदाजपत्रकाची होती.

तो कागद साहेबांनी उलटून बाजूला ठेवला. टक्क्यावर बोला म्हणाले. पोराच्या बॅगेत कोरं लेटरहेड नव्हतं, बाहेर येऊन माझ्याकडे साधा कागद मागितला. पहिलं मोठं काम होतं, हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. साडेसहा टक्क्यांवर आला. पाया, खांब झाले, स्लॅबचं लोखंड बांधलं आणि काम थांबलं. दोन पावसाळे त्या सळया उघड्यावर गंजत होत्या. पावसाळ्यात पोरं शाळेला बाजूच्या पाण्यातून जायची. पुढे त्याची अनामत जप्त झाली, उरलेल्या कामाची नवी निविदा नव्या दरसूचीवर निघाली.

जादा दर आला की आधी लीडचा तक्ता तपासावा, अंदाजपत्रक कोणत्या वर्षीच्या दरसूचीवर आहे ते पाहावं. ते शिळं असेल तर दर सुधारून तुलना करावी आणि दर वाजवी ठरला तर वरच्या कार्यालयात पाठवावा. तेवढ्याने कुणाची खुर्ची जात नाही. पैसेच कमी असतील तर कामाला कात्री लावावी, जोडरस्ता आखूड करावा. पण मग बाकीच्या दोघांनाही त्या कमी कामाचा दर भरू द्यावा, म्हणजे फेरनिविदा. चार-सहा आठवडे जातात, तो पूल दोन वर्षं अडून होता. उलट दर वाजवी नसेल, निविदा संगनमताच्या वाटत असतील, तर घासाघीस कसली करता? सरळ रद्द करा.

चढवून भरणारा वाटाघाटीत दिलेले टक्के पुढे कसे परत घेतो, हेही आपल्या वार्ताहराने शोधावं. बी-१ या ठेक्याच्या छापील करारातला क्लॉज ३८ वाचला तरी सुरुवात होईल: परिमाणं २५ टक्क्यांच्या पलीकडे वाढली की त्या वाढीला वेगळ्या दराची वाट उघडते. करारात नसलेल्या जादा बाबींचे प्रस्ताव निराळेच. कार्यारंभ आदेशाच्या दिवशी वाचलेले चार लाख अंतिम देयकात, म्हणजे शेवटच्या बिलात, दिसत नाहीत.

तेव्हा एक विनंती. अशी बातमी पुन्हा छापाल तेव्हा 'बचत' या शब्दाशेजारी अंदाजपत्रकाचं वर्ष छापा, आणि काम पुरं झाल्यावर अंतिम देयकाचा आकडा. तो माहितीच्या अधिकारात मिळतो, अर्जाला दहा रुपये लागतात. मागच्या आठवड्यातल्या रस्त्याचा अर्ज मी काम संपलं की टाकणार आहे. उत्तर आलं की आपल्याकडे पाठवीन.

आपला,
एक निवृत्त निविदा लिपिक, अमळनेर