निवारा केंद्रातली रात्र कोणाच्या जबाबदारीवर?

महोदय,

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते आणि तिची सविस्तर बातमी आपल्या वृत्तपत्रात येते. यांत्रिक बोटी किती दुरुस्त झाल्या, लाइफ जॅकेट किती आहेत, सर्पदंशावरची लस कोणत्या आरोग्य केंद्रांत पोहोचली, जनावरांच्या चाऱ्याची सोय कुठे केली, हा तपशील त्यात असतो आणि तो असायलाच हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना घेऊन निघालेली बोट उलटली, त्यानंतर तरी बोटींच्या बाबतीत कोणी हलगर्जीपणा करू नये. मात्र घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना ज्या शाळांत आणि मंगल कार्यालयांत ठेवायचे, तिथे रात्री बायका आणि मुले सुरक्षित राहतील हे पाहण्याचे काम नेमके कोणाचे, याचा उल्लेख मला त्या बातम्यांत आजवर आढळलेला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हा बातमीदाराचा दोष नाही. बैठकीतच तो विषय निघत नसावा.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. मदत छावण्यांत किमान काय असावे यासंबंधी त्याच्या १२व्या कलमात निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय मदत आणि स्वच्छता अशी पाच नावे आहेत, शिवाय विधवा आणि अनाथ मुलांसाठी विशेष तरतूद करण्यास सांगितले आहे. सुरक्षितता हा शब्द त्या यादीत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने पुढे जी किमान मानके ठरवली, त्यांत ही उणीव काही अंशी भरून निघाली: माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, ३० माणसांमागे एक शौचालय, स्त्रियांसाठी वेगळी शौचालये व न्हाणीघरे, सॅनिटरी नॅपकिन, आणि स्त्रिया, विधवा व मुले यांच्या सुरक्षिततेकडे व खासगीपणाकडे विशेष लक्ष. यातला जागेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वीस बाय पंचवीस फुटांच्या वर्गखोलीत त्या मानकाप्रमाणे १३ माणसे राहू शकतात. २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांतच चार लाखांहून अधिक लोक हलवावे लागले, तेव्हा एकेका खोलीत किती माणसे झोपली असतील याचा अंदाज वाचकांनी स्वतःच करावा.

पूर ओसरेपर्यंत ज्यांनी शाळेत मुक्काम केला आहे, त्यांना तिथल्या रात्री वेगळ्या सांगाव्या लागणार नाहीत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडते, तेव्हा अपघात टाळण्यासाठी महावितरण वीज तोडते, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे शाळेच्या आवारातला एकुलता दिवाही विझतो. शाळेची शौचालये असतात मैदानाच्या टोकाला. ती सहा तासांच्या शाळेसाठी, लहान मुलांच्या बेताने बांधलेली. अनेक दारांना आतून कडी नसते, कारण पोरे आत अडकून बसतील या भीतीने ती आम्ही शिक्षकांनीच काढून ठेवलेली असते. परिणाम असा होतो की बायका संध्याकाळनंतर पाणी पिणेच कमी करतात आणि जायचेच झाले तर चौघीजणी मिळून जातात. बाळंतीण व्हरांड्यात अंगावर पदर ओढून बाळाला पाजते. वयात आलेल्या मुलींना आया दोन्ही अंगांनी कवेत घेऊन झोपतात. त्या खोलीत गावातली ओळखीची माणसे असतात तशी शेजारच्या गावची, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेली, अजिबात ओळख नसलेली माणसेही असतात. आणि ओळखीच्या माणसांपासून धोका नसतो असे मानण्याइतके भोळे आपण राहिलेलो नाही.

‘आमच्या केंद्रात असा एकही प्रकार घडला नाही’ हे वाक्य दर पुरानंतर ऐकायला मिळते. माझे त्याला नम्र उत्तर असे की असा प्रकार घडला असता, तर तो कोणाला सांगायचा हे त्या केंद्रात कुठे लिहिलेले होते? केंद्रप्रमुख म्हणून नेमलेले तलाठी वा शिक्षक शिध्याच्या आणि टँकरच्या मागे असतात, दारावरचा पोलीस शिपाई बहुधा पुरुष असतो, आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तो कित्येकदा त्याच सतरंजीवर झोपलेला नवरा, दीर किंवा चुलता असतो. घर गेले, जनावरे वाहून गेली, हाताला काम नाही, अशा दिवसांत दारू आणि मारहाण वाढते, हे आपत्तीत काम केलेला कोणताही अनुभवी कार्यकर्ता सांगेल. संयुक्त राष्ट्रे आणि मदतसंस्थांच्या समन्वय समितीने २००५ मध्ये काढलेल्या आणि २०१५ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत म्हणूनच स्पष्ट बजावले आहे की हिंसा घडल्याचा पुरावा हाती येण्याची वाट न पाहता, ती घडतेच आहे असे धरून पहिल्या दिवसापासून बंदोबस्त करावा. आपल्याकडे उलटे चालते; तक्रार नाही म्हणून बंदोबस्त नाही, आणि बंदोबस्त नाही म्हणून तक्रार नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा बराच स्पष्ट आहे, अंमलबजावणी तेवढी नाही. बाल न्याय कायदा, २०१५ नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्या मुलाला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ मानतो. पालकांपासून ताटातूट झालेले मूल आढळल्यास २४ तासांत कळवणे बंधनकारक आहे, आणि त्याला कोणाच्या ताब्यात द्यायचे हे बाल कल्याण समिती ठरवते. प्रत्यक्ष केंद्रात काय होते? एखादा माणूस येतो, मी मुलाचा मामा आहे म्हणतो, मूलही ओळखीचे हसते, आणि तो त्याला घेऊन जातो. शंभरातले नव्याण्णव खरेच मामा असतात. उरलेल्या एकासाठी एक नोंदवही लागते, ज्यात मुलाचे नाव, वय, कोणाबरोबर आले, कोणी नेले, त्या व्यक्तीचे ओळखपत्र आणि सही असेल. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले आणि परदेशी दत्तकविधाने थांबवली, ती याच भीतीपोटी. संकटाच्या गर्दीत मुले पळवणारे मदतीचाच वेश घेऊन येतात.

इथे किल्लारीच्या भूकंपाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या आपत्तीत होरपळलेल्या सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्याला आणून शिकवले, वाढवले. हे काम मोठे होते आणि त्याबद्दल महाराष्ट्राने कृतज्ञच राहिले पाहिजे. तरीही तो एका माणसाच्या आणि संस्थेच्या सद्‌हेतूचा भाग होता. प्रत्येक आपत्तीत तशीच माणसे पुढे येतील असे गृहीत धरून शासनाला चालता येणार नाही. आज कोणी ‘अनाथ मूल द्या, आम्ही सांभाळतो’ असे आवाहन मोबाइलवर फिरवू लागला, तर ठरलेली प्रक्रिया टाळून दत्तक देणे-घेणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हे त्याला त्याच दिवशी सांगणारे कोणीतरी असले पाहिजे.

पाणी उतरल्यावर बातम्याही उतरतात. मुलींचा धोका मात्र तेव्हा सुरू होतो. शेतातली माती वाहून गेली, घरात ओल आहे, बाप कर्जात आहे, मग पोरीची जबाबदारी उरकून टाकावी असे घरोघर ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले, परभणीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, आणि आपत्तीनंतरचे दोन महिने तोच ग्रामसेवक पंचनाम्यांत बुडालेला असतो.

पंचनाम्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट नोंदवते. अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले, त्याला आता दशक उलटून गेले. पडलेल्या घराची भरपाई मात्र उताऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात जाते. परित्यक्ता, किंवा मारहाणीला कंटाळून माहेरी वेगळी चूल मांडलेली बाई या हिशेबात कुठेच बसत नाही, आणि पैशासाठी तिला पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागते.

यासाठी नवा कायदा नको, मोठा निधीही नको. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात प्रत्येक निवारा केंद्रापुढे केंद्रप्रमुखाच्या नावाशेजारी सुरक्षिततेसाठी जबाबदार अशा एका स्त्री कर्मचाऱ्याचे नाव व मोबाइल क्रमांक छापावा. अंगणवाडी पर्यवेक्षिका हे काम उत्तम करतील, फक्त ते त्यांच्या बाकीच्या कामांवर फुकट लादू नये. शाळेच्या शौचालयांना मे महिन्यातच कड्या बसवाव्यात आणि सौर दिवे द्यावेत. रात्रपाळीला महिला पोलीस असावी. मुलांची नोंदवही तलाठ्यांच्या साहित्यात शिध्याच्या नोंदवहीबरोबरच जावी. मुलांच्या मदतीसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहायला तर काहीच खर्च नाही. येत्या आढावा बैठकीला जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आणि बाल कल्याण समितीचे अध्यक्ष यांना बोलावले जाणार आहे का, एवढा प्रश्न आपल्या प्रतिनिधीने जिल्हाधिकाऱ्यांना विचारावा आणि मिळालेले उत्तर बोटींच्या आकड्याशेजारी छापावे, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
जि. सांगली