फादर, त्या शनिवारबद्दल थँक्यू

प्रिय फादर,

बाबा गेले तेव्हा आपल्याच चर्चमधल्या काही जणांनी मला ऐकवलं होतं की तुमची श्रद्धा कमी पडली, नाहीतर येशूने त्यांना नक्की बरं केलं असतं. कबरीवरची मातीसुद्धा सुकली नव्हती हो. नंतर त्यातलं कोणी फिरकलंही नाही.

पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाच्या, आदल्या दिवशी सकाळच्या मिस्सात योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवट वाचला गेला, पेत्र मागे वळून येशूच्या लाडक्या शिष्याकडे बघत विचारतो, प्रभू, याचं काय? ते ऐकून मला रडू आलं, कारण माझाही तोच प्रश्न होता, बाकीच्यांचे बाबा आहेत मग माझेच का नाहीत. मिस्सा संपली, सगळे गेले, तुम्ही चर्च बंद करायला निघाला होता. मला बघून तुम्ही चावी खिशात टाकलीत आणि शेजारी येऊन बसलात, काहीच बोलला नाहीत. फादर, त्याआधी माझ्याजवळ असं नुसतं कोणी बसलंच नव्हतं, सगळे उभ्याउभ्या उपदेश करून गेले.

मग माझं सगळं ऐकून घेतल्यावर तुम्ही तेविसावी ओवी दाखवलीत. तो शिष्य मरणारच नाही अशी बोलवा भावांमध्ये पसरली होती, आणि शुभवर्तमानच स्पष्ट सांगतं की येशू असं म्हणाला नव्हता. ऐकायला किती छान होती ती गोष्ट, तशीच राहू दिली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं, पण नाही, प्रभू जे बोलला नाही ते त्याच्या नावावर खपवायचं नाही. आणि लगेच पुढच्याच ओवीत येतं की त्या शिष्याची साक्ष खरी आहे हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुझे बाबा श्रद्धा कमी पडली म्हणून गेले, असं येशू कुठेही म्हणालेला नाही. ते का गेले, मला माहीत नाही." धर्मगुरूच्या तोंडून "मला माहीत नाही" ऐकून इतका धीर येईल असं वाटलं नव्हतं. खरी साक्ष देणारा माणूस पदरचं काही घालत नाही, आणि अशी सरळ माणसं आहेत म्हणूनच चर्चमध्ये पाऊल टाकावंसं वाटतं.

त्याच दिवशीच्या पहिल्या वाचनात प्रेषित पौल रोममध्ये भाड्याच्या घरात दोन वर्षं राहतो, पहाऱ्यात असूनही येईल त्या प्रत्येकाचं स्वागत करतो. यंदा ते वाचन मी करू का? सिस्टरना विचारलंय, त्या म्हणाल्या फादरना विचार, म्हणून तेही इथेच विचारते.