आत्याच्या नावापुढचा पूर्णविराम

केंब्रिज,
१२ नोव्हेंबर

ती. नानाकाकांस,
सा. न. वि. वि.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीची प्रुफं मिळाली. माझी नोंद बरोबर आहे, फक्त 'केंब्रीज'ची वेलांटी ऱ्हस्व करा. पण पानं चाळताना एका जागी अडले. ते फोनवर नीट सांगता यायचं नाही, म्हणून हे पत्र. वळसा जरा लांबचा आहे.

माझ्या रोजच्या वाटेवर क्लेअर कॉलेज लागतं. त्याच्या चिन्हाच्या ढालीचे उभे दोन भाग आहेत: एकीकडे सोनेरी रंगावर तीन लाल, छपरासारख्या टोकदार पट्ट्या, दुसरीकडे लाल क्रूस. भोवती काळी किनार आणि तिच्यावर सोनेरी थेंब. ते थेंब म्हणजे अश्रू, असं इथे सांगतात. अश्रू कुणाचे, ते शोधता शोधता मी एलिझाबेथ द क्लेअर या बाईपाशी पोचले. तिची वंशावळ तुम्हाला आवडेल.

जन्म १२९५. आई जोन ही राजा पहिल्या एडवर्डची मुलगी. आईबाप धर्मयुद्धावर असताना पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर आक्रा शहरात जन्मली, म्हणून 'आक्राची जोन'. बाप गिल्बर्ट द क्लेअर, मोठा उमराव. मुलगी तीन महिन्यांची असताना गेला. पुढे दुसरा एडवर्ड गादीवर आला, तो तिचा सख्खा मामा. आपल्याकडे मामा म्हणजे लाड. या मामाने भाच्या आपल्या मर्जीतल्या माणसांना दिल्या.

एकुलता भाऊ १३१४ साली बॅनकबर्नच्या लढाईत स्कॉटलंडमध्ये पडला, निपुत्रिक. आपल्याकडे दत्तक बसवला असता. तिथल्या कायद्यात ती सोयच नव्हती. मुलगा नसेल तर बहिणींत सारखी वाटणी. एका दिवसात तिघी बहिणी इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत वारसदारांत गेल्या, आणि एलिझाबेथ तेव्हा अठरा वर्षांची विधवा होती. पहिला नवरा जॉन द बर्ग, अल्स्टरच्या अर्लचा मुलगा, आदल्याच वर्षी आयर्लंडमध्ये वारला होता. पदरात विल्यम नावाचं तान्हं पोर.

१३१६ च्या फेब्रुवारीत थिओबाल्ड द व्हर्डनने तिला ब्रिस्टलच्या किल्ल्यातून पळवून नेऊन लग्न लावलं. आमचं आधीच ठरलं होतं, असा त्याचा दावा. सहा महिन्यांत तोही गेला. मुलगी त्याच्यामागे जन्मली. मग मामाने आपल्या मर्जीतल्या रॉजर डॅमरीशी तिसरं लग्न लावलं. पाच वर्षांत हाच रॉजर मामाविरुद्धच्या बंडात सामील झाला आणि १३२२ साली मेला. सव्विसाव्या वर्षी तिसरं वैधव्य, तीन नवऱ्यांची तीन मुलं.

पण खरा छळ झाला तो भावोजीकडून. थोरल्या बहिणीचा नवरा ह्यू डिस्पेन्सर राजाचा उजवा हात. बंडानंतर एलिझाबेथला मुलांसकट पकडून बार्किंगच्या मठात ठेवलं. तिच्या वाट्याची वेल्समधली अस्कची जहागीर भावोजीने दडपणाखाली लिहून घेतली, बदल्यात गॉवर दिलं आणि पुढे तेही काढून घेतलं. भाऊबंदकीत आपणच पटाईत, असा माझा समज होता!

मला ती आवडली ती इथे. १३२६ च्या मे महिन्यात, भावोजी सत्तेवर असतानाच, तिने आपल्यावर काय काय जबरदस्ती झाली ते गुपचूप लेखी नोंदवून ठेवलं. त्याच नोव्हेंबरात हेरफर्डला डिस्पेन्सर फासावर गेला. जमिनी परत आल्या. तिने पुन्हा लग्न केलं नाही. पुढची चौतीस वर्षं स्वतःचा कारभार स्वतः पाहिला. तिच्या घरखर्चाचे हिशेब लंडनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आजही आहेत. १३३८ साली केंब्रिजमधलं एक डबघाईला आलेलं विद्यार्थिगृह तिने हाती घेतलं, तेच हे क्लेअर.

आता ढालीकडे पुन्हा बघा. मानाची बाजू म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताची, आणि रिवाजाने ती नवऱ्याच्या घराण्याची. इथे तिथे क्लेअर आहे, माहेर. पहिल्या नवऱ्याचा क्रूस दुसऱ्या बाजूला.

आणि वंश? विल्यमचा १३३३ साली आयर्लंडमध्ये खून झाला, मागे जेमतेम वर्षाची मुलगी. त्या नातीची मुलगी फिलिपा, फिलिपाची नात अ‍ॅन, आणि अ‍ॅनचा नातू १४६१ साली चौथा एडवर्ड म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला. त्याच्या घराण्याचा गादीवरचा मोठा दावा फिलिपा आणि अ‍ॅनकडून आला होता. आपल्या पद्धतीने ही वंशावळ छापली असती तर विल्यमच्या मुलीपाशी 'कन्या, विवाहित' लिहून पुढचं सगळं कोरं सुटलं असतं.

म्हणून सांगते, पान ८७ बघा. आत्याच्या नावापुढे 'सासर : वाई' आणि पूर्णविराम. तिची तीन मुलं आणि पाच नातवंडं कुठेच नाहीत. तिच्या सासरच्या वृत्तांतात येतील, असं तुम्ही म्हणाल. येऊ देत की, दोन्हीकडे येऊ देत. रविवारी तिला फोन करून नावं आणि तारखा उतरवून घेतल्या, सोबतच्या कागदावर आहेत. बाकी मुलींच्या शाखाही मी गोळा करते, जानेवारीपर्यंत छपाई थांबवा. वाढीव पानांचा खर्च माझ्याकडे.

काकूला नमस्कार.

तुमची,
मनी

ता. क. आत्याची जन्मतारीखही चुकली आहे. ती म्हणाली, "नानाला माझा वाढदिवस कधी आठवलाय!"