विहिरीची पातळी फळ्यावर लिहा

महोदय,

राज्यातल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजली जाते. आमच्या शिवारातली एक विहीर त्यातलीच. मोजणारा माणूस कठड्यावर वाकून टेप सोडतो, टेप कुठवर भिजली ते बघतो, आकडा वहीत टिपतो आणि चहा घेऊन मोटरसायकलवरून निघून जातो. आकडा अहवालात जातो. गावात तो कुणालाच ठाऊक नसतो. मग रब्बीला गहू घ्यायचा की हरभऱ्यावर भागवायचं, हे आम्ही अंदाजानेच ठरवतो. बोअर घ्यायचं तर पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहतो का ते पाहतो. त्याला हसणं सोपं आहे. पण पाणी धरणारा मांजऱ्या खडक कुठे आणि अखंड काळा पाषाण कुठे, हे सांगणारा नकाशा आमच्या हाती कुणी दिलाय?

हिवरे बाजारने पावसाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली, त्याला बरीच वर्षं झाली. शेतीला बोअर नको, ऊस-केळी नको, हे तिथल्या लोकांनी मानलं. हिशोब डोळ्यांसमोर असल्यावर माणूस ऐकतो.

मागणी छोटी आहे. ऑक्टोबरची मोजणी झाली की आठवड्याच्या आत तो आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावा. मीटरमध्ये नको, फुटांत. विहिरीची खोली आम्ही परसांत मोजतो, तो हिशोब आम्ही करून घेऊ.

— एक शेतकरी वाचक, अहिल्यानगर जिल्हा