नाशिकचं प्रकरण आधी घे

शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय माधुरी,

सप्रेम नमस्कार. तुझी मेल वाचली. "माझा विषय आफ्रिकन अभ्यासात बसतो का, हेच मला आता कळेनासं झालंय" असं तू लिहिलंस. मेलला दोन ओळींत उत्तर देणं जिवावर आलं, म्हणून हे पत्र.

भारतात आलेल्या आफ्रिकनांचा तुझा विषय त्यात बसतो, अगदी नक्की बसतो. फेलोशिपच्या त्या मुलाखतीत तुला "हे दक्षिण आशियाचं काम आहे, इकडे कशाला अर्ज केलात?" असं विचारलं गेलं, याचा मलाही राग आला. पण हा प्रश्न कुठून येतो, ते समजून घे. अमेरिकेत हा विषय उभा राहिला तो अटलांटिकच्या काठावर. गुलामांची जहाजं व्हर्जिनियाला, ब्राझीलला, कॅरिबियन बेटांवर गेली आणि त्यांच्याच वंशजांनी लढून विद्यापीठांत हे विभाग काढायला लावले. त्यामुळे 'डायस्पोरा', म्हणजे मायदेशाबाहेर विखुरलेला समाज, म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर तोच समुद्र येतो. मोझांबिकहून गोव्याला आणि दीवला आलेली माणसं, झांजिबारकडून मुंबईत उतरवलेली मुलं, जंजिऱ्याचे सिद्दी, खुलताबादला चिरविश्रांती घेणारा मलिक अंबर, हे सगळे त्यांच्या नकाशावर फार उशिरा आले. पण आले हे खरं. २०१३ मध्ये हार्लेमच्या शॉम्बर्ग सेंटरने भारतातल्या आफ्रिकनांवर मोठं प्रदर्शन भरवलं होतं. शॉम्बर्ग म्हणजे या विषयाची पंढरीच! आर्तुरो शॉम्बर्ग या पोर्तो रिकोत जन्मलेल्या गृहस्थांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं १९२६ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने घेतली आणि तो संग्रह पुढे वाढत गेला. तिथे हबशी सरदारांना जागा मिळते, तर तुझ्या प्रकल्पाला कुठल्याही निवड समितीपुढे जागा मागायचा हक्क आहे.

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ज्या संस्थेत मी आहे ती कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांच्या नावाची. १९८१ ची. वुडसन याच राज्यातले, आईवडील दोघेही गुलामीत जन्मलेले. १९१२ मध्ये त्यांनी हार्वर्डची पीएच.डी. मिळवली. त्याआधी तिथे ती मिळवणारे कृष्णवर्णीय एकच, विचारवंत डू बॉइस. आणि हे विद्यापीठ बांधलं तेही गुलामांनीच. २०२० पासून इथे त्यांचं स्मारक आहे, ग्रॅनाइटचं मोठं वर्तुळ. भिंतीच्या आतल्या अंगाला सुमारे चार हजार माणसांसाठी दगडात आडव्या खाचा आहेत. ज्यांची नावं सापडली त्यांची नावं खाचांच्या वर कोरलीत, काहींचा नुसता धंदा किंवा नातं. बाकी खाचा मोकळ्याच, आणि मोकळ्याच जास्त. पावसात पाणी त्या खाचांतून ओघळतं. पुण्याच्या पेशवे दप्तरात तू मोडी कागदांचे रुमाल सोडून बसायचीस आणि एखाद्या हबशी बटकीची नोंद सापडली की मला फोन करायचीस, ते मला इथे फार आठवतं. नाव नाही, किंमत मात्र लिहिलेली.

आता मुद्द्याचं. तुझ्या प्रपोजलचा मसुदा मी वाचला. पहिली दोन पानं जंजिऱ्याची आहेत. ती मागे ने आणि शरणपूरचं प्रकरण पुढे आण.

नाशिकला शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसं जातात. त्यातल्या कितींना ठाऊक असेल, की ब्रिटिश नौदलाने अरब जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनच्या वस्तीत वाढली? तिथे ती सुतारकी, लोहारकी शिकली, शाळेत गेली. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा तो त्यांच्या तुकडीत होता. त्यांचं हृदय जिथे पुरलं तिथल्या झाडावर त्याने अक्षरं कोरली, प्रार्थना वाचली. मग बाकीच्यांबरोबर कित्येक महिने चालत त्यांचा देह बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेत त्या शवपेटीला हात लावणाऱ्यांत तोही होता. पुढे मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाऊन वसलं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या नावाने. ते उभं करायला गेलेले पाद्री प्राइस हे शरणपूरचेच, आणि त्यांच्या हाताशी असलेली माणसं नाशिकला वाढलेली. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात त्यांना आजही 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणतात. गुलामांची जहाजं आली तर सावध करणारी त्यांची घंटा मोंबासात अजून उभी आहे.

माधुरी, अगं, हा परतीचा प्रवास आहे! आफ्रिकेतून पकडून नेलेली मुलं महाराष्ट्रात मोठी होतात आणि आफ्रिकेत परत जाऊन गाव वसवतात. निवड समितीवरचा कुणीही हे वाचून "ही दक्षिण आशियाची गोष्ट" असं म्हणू शकणार नाही. मिशनची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत, ती इंग्रजी वाचणारे कितीतरी आहेत. पण त्या मुलांच्या भोवतीचं मराठी जग वाचणारं कोण आहे? 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक तू एवढे चाळलेस, त्यात शरणपूरबद्दल काही दिसलं का? एक जरी उतारा मिळाला तरी तो प्रपोजलच्या पहिल्या पानावर घे. मोडी येतं ही गोष्ट तू परिचयपत्राच्या तळाशी एका ओळीत टाकलीयस. ती वर घे, ठळक कर.

आंबेडकरांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना लिहिलेलं पत्र तू शेवटी घातलंयस. मलाही ते पत्र जवळचं आहे. अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या स्थितीतलं साम्य आणि त्या कृष्णवर्णीयांनी युनोकडे न्यायच्या अर्जाची चौकशी, दोन्ही त्यात आहे, आणि डू बॉइस यांनी ३१ जुलैला आपुलकीने उत्तरही दिलं. पण तुझ्या युक्तिवादाला त्याची गरज नाही. मसुद्यातून ते काढून टाक. त्यावर वेगळा लेख लिही.

फेलोशिप बक्षीस म्हणून मिळत नाही. थिसिसचं पुस्तक करायला पगारी वेळ मिळतो. त्यामुळे दोन वर्षांत कुठलं प्रकरण कधी लिहिशील, कुठल्या दप्तरात किती दिवस बसशील, हे त्यांना स्पष्ट दिसायला हवं. आपल्याकडे सिनॉप्सिसमध्ये आधीच्या अभ्यासकांची लांबलचक यादी द्यायची सवय असते, ती इथे अर्ध्या पानात आटप. शिफारसपत्रासाठी सरांना आजच सांग. ते "हुशार, मेहनती" एवढंच लिहितील, म्हणून तुझ्या कामातल्या दोन नेमक्या गोष्टी त्यांना लिहून पाठव. आणि एक पत्र आफ्रिकेवर काम करणाऱ्या कुणाचं तरी असू दे. मोंबासाच्या परिषदेत तुझ्या निबंधावर बोलल्या होत्या, त्या बाईंना विचारायला संकोच करू नकोस.

काळजी वाटते ती इथल्या हवेची. या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या मानव्यविद्यांच्या राष्ट्रीय निधीने आधी मंजूर केलेली कितीतरी अनुदानं रद्द केली. अशा निधीवर चालणाऱ्या फेलोशिपा कुठवर टिकतील, कुणी सांगू शकत नाही. म्हणून अमेरिकेवरच अवलंबून राहू नकोस. काही ठिकाणी नागरिकत्वाची किंवा इथल्या वास्तव्याची अट असते, काही ठिकाणी पीएच.डी. होऊन किती वर्षं झाली ते बघतात, तेव्हा अटी आधी वाच, मग वेळ घाल. जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात भारत आणि आफ्रिका एकत्र अभ्यासणारं केंद्र आहे, त्यांना थेट लिही. तुझं काम त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. मला विचारशील तर तुझ्या पुस्तकासाठी तीच जागा जास्त चांगली, कारण तिथून मोंबासाला जाणं सोपं पडेल.

अर्जाच्या तारखा बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर ते जानेवारीत असतात. बदललेला मसुदा दिवाळी संपली की मला पाठव, मी ओळन् ओळ वाचून देईन. रायटिंग सॅम्पल शरणपूरचंच दे. काकूंना नमस्कार सांग, आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलंय तेही कळव, म्हणजे त्या आठवड्यात मी तुझ्यामागे तगादा लावणार नाही.

तुझी,
वैशाली