फ्लोम रेल्वेचे पैसे परत मिळण्याबाबत आणि तुम्ही पाठवलेल्या चुकीच्या उत्तराबाबत तक्रार

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर आणि युरोप टूर्स विभाग प्रमुख

नमस्कार,

तुमच्या नॉर्वेच्या बोटीच्या टूरमधल्या फ्लोम रेल्वेचे पैसे मी परत मागितले होते, त्यावर तुमचा ईमेल मिळाला. त्यात लिहिलंय की "आपल्या ग्रुपमधील ज्येष्ठ प्रवाशाने फ्लोम रेल्वेचा प्रवास केलेला असल्याने सेवा पूर्ण झाली आहे, सबब रिफंड लागू होत नाही." हे वाक्य मी माझ्या बाबांना वाचून दाखवलं नाही, कारण त्यांना फार वाईट वाटलं असतं. बाबा त्या गाडीत बसले हे खरं आहे, पण ते तुमच्यामुळे नाही. ते कोणामुळे बसले हे तुमच्या टूर मॅनेजरला माहिती आहे, तो दहा फुटांवर उभा होता. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते, फोनवर तुमची माणसं मधेच होल्डवर टाकतात आणि मग परत पहिल्यापासून सांगावं लागतं.

आम्ही डोंबिवलीचे, आई बाबा आणि मी. बाबा सेंट्रल रेल्वेत ड्रायव्हर होते, त्यातली बरीच वर्षं कर्जतला, घाट सेक्शनवर. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात ते काम त्यांनी केलंय, पावसात, धुक्यात, रात्री. भोर घाटाचा चढ १ इन ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर वर, आणि आमच्या घरी हा आकडा लहानपणापासून सगळ्यांना पाठ आहे. रिटायर झाल्यावर त्यांनी कुठेतरी वाचलं की नॉर्वेत फ्लोमची गाडी १ इन १८ चढते, दातेरी रूळ वगैरे काही नाही, साधे रूळ, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते होतं. २० किलोमीटरची लाइन, समुद्रसपाटीपासून मिर्डाल स्टेशनपर्यंत ८६६ मीटर चढ, २० बोगदे आणि त्यातले १८ हाताने खोदलेले, एका बोगद्यात तर गाडी डोंगराच्या पोटातच वळून परत फिरते. हे मला बाबांनी सांगितलंय, तुमच्या ब्रोशरमध्ये फक्त फोटो होता.

आम्ही बाकीच्या कंपन्या सोडून तुमच्याकडे आलो ते फक्त या एका गोष्टीसाठी. तुमच्या ऑफिसमधल्या मॅडमना मी बुकिंगच्या वेळी दोनदा विचारलं होतं की फ्लोम रेल्वे नक्की आहे ना, कारण उन्हाळ्यात ती तिकिटं आधीच संपतात असं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या ग्रुप बुकिंग झालेलं आहे, निश्चिंत राहा. आयटिनररीत "फ्लोम रेल्वे जाऊन येऊन, समाविष्ट" असं छापलंय. इनव्हॉइसमध्ये "फ्लोम रेल्वे व साइटसीइंग" म्हणून माणशी १४,५०० रुपये वेगळे लावलेत. ते आम्ही भरलेत. कॉपी जोडलीये.

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनहून बोट निघाली तेव्हा सगळं छान होतं हे मी मान्य करते. बोट चांगली, केबिन स्वच्छ, आणि बोटीवरचे लोक तर फारच चांगले. जेवणाचा वेळ तेवढा तुम्ही सांगितल्यापेक्षा वेगळा मिळाला. आईला डायबेटिस आहे म्हणून पहिली बैठक मागितली होती, फॉर्मवर लिहिलंय, तरी दुसरी, रात्री साडेआठची दिली. टूर मॅनेजर म्हणाला मी काही करू शकत नाही, बोटीचं सिस्टीम आहे. मग आमच्या टेबलवर वाढणारा मुलगा गोव्याचा निघाला, बार्देशकडचा, त्याचे वडील आणि आजोबाही तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. आईने त्याला मराठीत विचारलं, त्याने अर्ध्या कोंकणी अर्ध्या मराठीत उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच हेड वेटरशी बोलून आमचं टेबल पहिल्या बैठकीत बदलून घेतलं. म्हणजे होत होतं, फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं. ते विचारायचं काम ज्याचं होतं त्याचा खर्च आम्ही टूरच्या पैशात दिलाय. त्या मुलाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, उगाच त्याला त्रास नको.

नवीन टेबलवर यॉर्कशायरचं एक जोडपं होतं, दोघंही सत्तरीच्या पुढचे. तो माणूसही रिटायर्ड रेल्वे ड्रायव्हर! सेटल ते कार्लाइल या लाइनवर त्याने गाड्या चालवलेल्या. बाबांचं इंग्लिश कामापुरतं आणि त्याचं इंग्लिश मलाही नीट कळत नव्हतं इतके त्याचे उच्चार वेगळे, पण त्या दोघांना काही अडचण आली नाही. त्याने पेपर नॅपकिनवर रिबलहेडचा पूल काढला, २४ कमानींचा, आणि खाली लिहिलं १ इन १००. बाबांनी पेन घेतलं आणि खाली लिहिलं १ इन ३७, मग मागे दोन इंजिनं काढली आणि पावसाच्या रेषा मारल्या. तो माणूस ते बघून उभाच राहिला आणि त्याने बाबांशी हात मिळवला. मग दोघांनी मिळून तिसरी ओळ लिहिली, १ इन १८, आणि पुढे फ्लोम. त्या रात्री दोघं स्वीट येईपर्यंत ब्रेकबद्दल बोलत होते, घाट उतरताना कुठे हवा भरायला थांबायचं, कॅच सायडिंग, म्हणजे ब्रेक न लागलेली गाडी अडवायची बाजूची लाइन, कशी असते, असं सगळं. आईला नीट ऐकू येत नाही पण ती सुद्धा बघत बसली होती. बाबांना मी इतकं बोलताना रिटायरमेंटनंतर पाहिलं नव्हतं.

हे सगळं तक्रारीत कशाला असं तुम्हाला वाटेल. पण पुढचं यावरच अवलंबून आहे.

फ्लोमच्या दिवशी बाबा पहाटेच डेकवर गेले. बोट सोग्नेफ्योर्डमधून आत येत होती, २०० किलोमीटरहून लांब आहे तो, आणि शेवटी एका फाट्यात वळून फ्लोमला लागते, दोन्ही बाजूला सरळ उभे डोंगर, वरून पाणी पडतंय. खाली उतरलो, स्टेशन समोरच, हिरवी गाडी लागलेली. आणि तिथे तुमच्या टूर मॅनेजरने आम्हा सगळ्यांना गोळा करून सांगितलं की "काही टेक्निकल कारणाने" ग्रुपची तिकिटं कन्फर्म झालेली नाहीत, त्याऐवजी आपण रेल्वेचं म्युझियम बघू आणि मग शॉपिंगला फ्री टाइम. मी स्वतः तिकीट काउंटरवर जाऊन विचारलं. तिथल्या बाईने कॉम्प्युटर बघून सांगितलं की तुमच्या कंपनीच्या नावाने त्या दिवसासाठी बुकिंगच दिसत नाही, आणि आजच्या सगळ्या गाड्या फुल आहेत. म्हणजे ऐन वेळी कॅन्सल झालं वगैरे नाही, काढलीच नव्हती तिकिटं. टूर मॅनेजरला मी हे सांगितलं तर तो म्हणाला मॅडम, मुंबई ऑफिसशी बोला. मुंबई ऑफिसने फोन उचलला नाही.

बाबा काही बोलले नाहीत. ते फक्त प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन इंजिन बघत उभे राहिले.

त्या वेळी यॉर्कशायरचे दोघं तिथे आले, त्यांनी स्वतः घरून ऑनलाइन तिकिटं काढली होती, हिवाळ्यातच. काय झालं ते त्यांना कळलं आणि त्या बाईंनी, एक मिनिट सुद्धा विचार न करता, आपलं तिकीट बाबांच्या हातात दिलं. बाबा घेईनात. मी पण नको म्हटलं. त्या म्हणाल्या आम्हाला विमानाने बर्गनला यायला फार वेळ लागत नाही, मी परत येईन, हे मुंबईहून परत कधी येणार, आणि शिवाय माझ्या नवऱ्याला बोलायला रेल्वेवाला मिळेल, मला त्यातलं काही कळत नाही. ते तिकीट जास्तीचं नव्हतं. त्या स्वतः त्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. मी पैसे देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत. तुमचा टूर मॅनेजर हे सगळं बघत होता आणि त्याने त्यांना थँक्यू सुद्धा म्हटलं नाही, फोटो मात्र काढला, आणि नंतर तो फोटो तुमच्या पेजवर "आमचे आनंदी प्रवासी" म्हणून आला. माझ्या ईमेलनंतर तो काढला गेला पण माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे.

दोघं म्हातारे गेले, मिर्डालला जाऊन परत आले. चोस धबधब्याला गाडी थांबते तिथे उतरले, पुलावर भिजले, बाबा सांगत होते की तो चढ अंगाला कळतो, सीटमध्ये पाठ मागे दाबली जाते, पण इंजिनाचा आवाज बदलत नाही. तेवढा वेळ आम्ही तिघी खाली पाण्याजवळच्या बाकावर बसलो होतो. आईचं क्रोशाचं काम पिशवीत होतं, त्या बाईंनाही विणायला येत होतं, भाषेवाचून दोघींचं चाललं होतं. आमच्या ग्रुपमधल्या दोन फॅमिली स्टेशनवर रडवेल्या होऊन बसल्या होत्या, त्यांना तर कोणीच तिकीट दिलं नाही. त्यांचाही मी विचार करतेय हे पत्र लिहिताना.

आता तुमच्या उत्तराकडे येते. तुम्ही म्हणता सेवा पूर्ण झाली. एका परक्या देशातल्या, आमच्याशी दोन दिवसांची ओळख असलेल्या बाईने स्वतःच्या पैशाचं आणि स्वतःच्या हौसेचं तिकीट दिलं, आणि ते तुम्ही तुमच्या खात्यात जमा केलंत! याच्या इतकं मला दुसऱ्या कशाचंच लागलं नाही. तिकिटं मिळाली नाहीत हे एक वेळ समजू शकते, माणसांकडून गोष्टी राहतात. पण जे दुसऱ्याने दिलं ते आपण दिलं असं लिहून पाठवणं हे मला सहन होत नाही. आणि आई आणि मी तर गाडीत बसलोच नाही, मग आमच्या दोघींच्या पैशाबद्दल तुमच्या ईमेलमध्ये एक ओळ पण नाही, ते का?

तुम्ही फीडबॅक फॉर्मचाही उल्लेख केलाय की आम्ही "एक्सलंट" लिहून दिलंय. तो फॉर्म टूर मॅनेजरने बोटीवर दुसऱ्याच दिवशी, नाश्त्याच्या वेळी, भरून घेतला. तेव्हा स्टॅव्हँगर बंदर पण यायचं होतं, फ्लोम तर दूरच. फॉर्मवर तारीख आहे, तुम्हीच बघा. जी गोष्ट अजून झालेलीच नाही तिच्याबद्दल कोणाचं समाधान कसं काय नोंदवता तुम्ही?

गेरांगर हे ठरलेलं बंदर चुकलं त्याबद्दल माझी काही तक्रार नाही हे पण लिहून ठेवते. जोराच्या वाऱ्यामुळे कॅप्टनने तिथे थांबायचं नाही असं ठरवलं आणि त्याऐवजी ऑलेसुंडला नेलं, सेफ्टीचा निर्णय त्यांचाच असतो. ऑलेसुंड सुंदर आहे, १९०४ साली जळलं आणि मग सगळं एका पद्धतीचं बांधलं ते. पण ज्यांनी गेरांगरची सहल बोटीकडून घेतली होती त्यांचे पैसे त्याच संध्याकाळी त्यांच्या केबिनच्या अकाउंटला परत जमा झाले, हे आम्हाला टेबलवर कळलं. आमची गरुड-वाटेच्या घाटाची बस तुमच्याकडून होती, तिचं काय झालं हे विचारल्यावर टूर मॅनेजर म्हणाला नॉन रिफंडेबल. तुम्ही त्या बसवाल्याला खरंच पैसे दिले असतील तर पावती दाखवा, मी तो विषय सोडून देईन.

बर्गनला भेटायची जागा बदलल्याचा मेसेज फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, बोटीवरचं वायफाय पॅकेज तुमच्या टूरमध्ये नाही, मग सिनियर लोकांनी तो वाचायचा कसा? आम्ही पावसात ब्रिगेनच्या लाकडी घरांपाशी उभे होतो आणि बाकीचा ग्रुप फ्लोयेन डोंगरावर गेला. निदान केबिनच्या दारात कागद सरकवायचा, बोट स्वतः रोज तसंच करते.

माझ्या मागण्या अशा आहेत. फ्लोम रेल्वे आणि साइटसीइंगचे तिघांचे मिळून ४३,५०० रुपये परत करा, बाबांचेही, कारण त्यांचं तिकीट तुम्ही काढलेलं नव्हतं. गेरांगरच्या बसचे पैसे किंवा पावती द्या. फ्लोमची तिकिटं काढली होती की नव्हती याचं लेखी उत्तर द्या, हो किंवा नाही, "टेक्निकल कारण" नको. आणि "सेवा पूर्ण झाली" हे वाक्य लेखी मागे घ्या. ग्रुपमधल्या इतरांनाही त्यांचे पैसे त्यांनी न मागता द्या, त्यातल्या काही जणांना कसं मागायचं हेच माहिती नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करणार आणि नंतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे तुमच्या ऑफिसचा पत्ता कुठला हे आड येत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे मी थकून गप्प बसेन असं समजू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकांनी मला सांगितलं की ताई एवढं कशाला, ट्रिप तर छान झाली ना. झाली, पण ती ज्यांच्यामुळे झाली त्यांना तिचं श्रेय मिळायला हवं.

सोबत आयटिनररी, इनव्हॉइस, फीडबॅक फॉर्मचा फोटो, तुमच्या पेजचा स्क्रीनशॉट आणि तुमचा ईमेल जोडला आहे. यॉर्कशायरच्या दोघांशी आमचा अजून संपर्क आहे, तिकीट त्यांचं होतं असं त्यांनी लेखी कळवलंय, तेही पाठवतेय. रिफंड बुकिंगच्या वेळी दिलेल्या बँक खात्यावरच करा, पुढच्या टूरचं कूपन मी स्वीकारणार नाही.

कळावे,
बुकिंग करणारी प्रवासी
(तिघांच्या वतीने), डोंबिवली