नदीकाठच्या सायकलवाटा आपल्याकडेही हव्यात

महोदय,

जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीकाठाने सुमारे 300 किलोमीटरची सायकलवाट आहे. तिचा बराचसा भाग पूर्वी घोडे ज्या वाटेने बोटी ओढत, तिच्यावरूनच जातो. म्हणजे नवे डांबर फारसे न ओतताही असे मार्ग होऊ शकतात.

ठाण्याला निसर्गाने काही कमी दिलेले नाही. येऊरचे जंगल आहे, 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळालेली खाडी आहे. पण येऊरच्या चढावर रविवारी सकाळी सायकल काढा, आदल्या रात्रीच्या पार्ट्यांच्या बाटल्यांच्या काचा चुकवता चुकवता निम्मा दम जातो. घोडबंदर रस्त्याबद्दल न बोललेलेच बरे! कडेच्या गटारांच्या जाळ्यांच्या फटी चाकाच्याच दिशेने असतात; बारीक टायर अडकला की स्वार थेट रस्त्यावर. त्या जाळ्या आडव्या बसवायला कोणता मोठा निधी लागतो?

उल्हास नदीच्या खोऱ्यातून बदलापूर ते कर्जत रेल्वे धावते, आतून गावरस्तेही आहेत. सुट्टीच्या दिवशी पहाटे लोकलच्या मालडब्यात सायकलींना मुभा आणि गावागावांत दिशादर्शक फलक एवढे केले, तरी सुरुवात होईल. फक्त वाट जंगलात किंवा कांदळवनात नवी कापू नये. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे सूर्यास्तानंतर सायकलींनाही बंदी असावी.

– एक सायकलस्वार, ठाणे (प.)